पुसू न दिलेला वाढदिवस

मी तुर्भ्याचा वार्ताफलक बोलतोय. रसायनांच्या एका कारखान्याच्या फाटकासमोर, देवजीच्या चहाच्या टपरीला खेटून उभा आहे. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्यांच्या फळ्या जोडून युनियनच्या लोकांनी मला बनवलं, काळा रंग फासला, नारळ फोडला. मला वाटलं, इथं आता खरं तेच लिहिलं जाणार!

कसलं काय! लोक थांबतात ते क्रिकेटचा स्कोअर बघायला. गावातले नळ कोरडे आहेत, मुंबईत गिरण्या बंद आहेत, या ओळींवरून नजर नुसती घसरते.

माझ्यावर लिहिते सुमेधा. दिल्लीला शिकून वाशीला आईवडिलांकडे परतली आणि युनियनच्या ऑफिसात बिनपगारी बसू लागली. तिचा खडू जोरात टेकतो. मला ते आवडतं.

गुरुवारी तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शनिवारी दुपारी फाटकावर सभा. करारावर मतदान.' करारात कायम कामगारांना पगारवाढ होती. हंगामी कामगारांबद्दल मात्र एक शब्द नव्हता. हे हंगामी म्हणजे बहुतेक इथल्याच गावचे. त्यांच्या भातखाचरांवर हा कारखाना उभा आहे. पिंपं धुणारी गोजरा त्यांतलीच, आणि तिचा भाऊ धर्मराजही.

"ताई, औंदा तरी परमनंट करतील ना?" गोजरानं विचारलं.

"दुसरी पाळी आली तर करार पडेल. ती पोरं तुमच्या बाजूची आहेत."

हंगामींना मत नाही. आणि आमच्याकडची रीत अशी, की सूचना फलकावर दिसल्याशिवाय दुसरी पाळी लवकर येत नाही. तोंडी निरोपावर कोणी विश्वास ठेवत नाही, इतक्या अफवा उठतात.

शुक्रवारी सकाळी धर्मराज पेंटर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी गावच्या पुढाऱ्याचा, शेठचा, वाढदिवस होता. जमिनी गेल्या तेव्हा शेठ मोर्चात पुढे होते, म्हणून गावाचा त्यांच्यावर जीव. ओल्या फडक्यानं सूचना पुसली गेली आणि माझ्या अंगभर ऑइल पेंट फासून त्यावर शेठचं नाव चढलं. भोवती झेंडूची माळसुद्धा काढली!

सुमेधा धावत आली. "धर्मराजभाऊ, काय केलंत हे? निदान खाली दोन ओळी लिहू द्या."

"खाली? शेठच्या पायाशी? अपमान हाय त्यो! आपला मानूस हाय, ताई."

"अहो, ही सभा तुमच्यासाठीच आहे!"

युनियनचे सेक्रेटरी मधुकर चहा पीत होते. "सुमेधाताई, दिल्लीचं दिल्लीत. इथं शेठशिवाय पान हलत नाही. राहू दे चार दिवस."

ती भिंतीवर लिहायला गेली, तर कंपनीचा वॉचमन काठी घेऊन आला. धर्मराज दिवसभर माझ्याशेजारी पहारा देत उभा होता, कोणी नाव पुसू नये म्हणून. मला ओरडावंसं वाटत होतं. अरे, तू स्वतःचीच नोकरी झाकून उभा आहेस!

शनिवारी सभेला जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेली पहिली पाळी तेवढी होती. हात वर झाले, करार मंजूर. दुसऱ्या पाळीची माणसं नेहमीच्या वेळी आली आणि हळहळली. थोड्या वेळानं शेठ आले, हार घेतला, "गावासाठी जीव देईन," म्हणाले आणि गाडीत बसले. कराराबद्दल त्यांनी विचारलं नाही, त्यांना कोणी सांगितलंही नाही.

गाडी गेल्यावर गोजरा माझ्याजवळ आली आणि पदरानं नाव घासू लागली.

"गोजरा, शेठचं नाव हाय," धर्मराज पुटपुटला.

"मंग? त्यो भरनार हाय माझी चूल?"

रंग हलला नाही. सुमेधानं वरून खडू ओढून पाहिला. तेलकट रंगावर तो नुसता सरकतो, उमटत नाही.

करारावर सही सोमवारी दुपारी आहे. त्याआधी फेरसभा मागता येते, पण तिची सूचनाही माझ्यावरच लागायला हवी. आज रविवार. धर्मराज समोर उकिडवा बसलाय. हात लावत नाही आणि कोणाला अडवतही नाही.

वाचणाऱ्यांनो, पत्र्याचा तुकडा, विळा, मिळेल ते घेऊन या आणि मला खरवडा. रंगाबरोबर माझी साल निघाली तरी चालेल. उघड्या लाकडावर खडू उमटतो.