रुग्णालयाच्या नंबरामागचा नंबर

बंद पडलेली वस्तू का बंद पडली हे कळेपर्यंत घड्याळजींना चैन पडत नसे. म्हणूनच थोरल्या बहिणीचा फोन तिसऱ्यांदा मध्येच तुटला, तेव्हा त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं.

ताई त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या स्टुलावर बसून सरकारी रुग्णालयाला फोन लावत होती. तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख हवी होती.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचाच आहे मेला! सगळा बॅलन्स खाल्ला."

"अगं, कालच तर महिन्याचं रिचार्ज मारलं तुझं."

चौकशी केली तेव्हा कळलं की तो नंबर खास मालिकेतला होता. रिचार्जमध्ये तो धरत नाहीत, त्याचे मिनिटाला वेगळे पैसे पडतात. आणि ते ताटकळण्याचेही पडतात, हे ऐकून घड्याळजींचे कान टवकारले. ताटकळायचं तरी किती?

त्यांनी स्टॉपवॉच काढलं. आठ दिवस, कधी सकाळी, कधी दुपारी, ते स्वतःच्या खिशाला चाट लावून फोन करत राहिले. माणसाचा आवाज यायला सर्वांत कमी म्हणजे सात मिनिटं वीस सेकंद लागली. त्यातली अडीच मिनिटं नुसतं स्वागतच चालायचं.

नवव्या दिवशी ते रुग्णालयात गेले. तळमजल्यावर जुन्या केसपेपरांच्या खोलीला लागून ऑपरेटरबाई बसत.

"बाई, एक विचारू का? तो खास नंबर वाजतो कुठे?"

"इथंच की!" बाईंनी समोरच्या फोनवर थाप मारली. "आधी त्या खास नंबरवाल्या कंपनीकडे जातो, मग इथं येतो."

"मग याला स्वतःचा नंबर नसेल?"

बाईंनी फोन उचलून उलटा केला. खाली पिवळी पडलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावर गावातला साधा नंबर. घड्याळजींनी तिथल्या तिथं तो मोबाइलवरून लावला. समोरचा फोन खणखणला आणि सवयीनं बाईंनी उचलला.

"रुग्णालय, बोला!"

मग दोघंही हसत सुटली.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "पंधरा वर्षं इथं बसते, पण कधी उलटा करून बघितला नाही."

हा नंबर कार्डांवर छापा, असं सांगायला घड्याळजी रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे गेले. अधीक्षक काही हसले नाहीत. "कंपनीशी करार आहे."

"साधा नंबर छापू नये, असं लिहिलंय का त्यात?"

करार अधीक्षकांनी वाचलेला नव्हता. कारकुनानं फाईल आणून पानं उलटली. "तसं काही दिसत नाही, साहेब." अधीक्षकांनाही कुतूहल वाटलं असावं, कारण त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून खास नंबर लावला. सहाव्या मिनिटाला ते पुटपुटले, "माझ्याच रुग्णालयात मी ताटकळतोय!" तरी निर्णय दिला नाहीच. "वर विचारावं लागेल."

वरून उत्तर यायला तीन महिने लागले. तोवर शेजारच्या दुकानातल्या शिंपीणबाई गिऱ्हाईकाची मापं घेता घेता साधा नंबर छापण्याच्या अर्जावर सही घेत राहिल्या. तीनशेच्या वर सह्या जमल्या. अखेर रुग्णालयाच्या नव्या कार्डांवर साधा नंबर छापून आला.

सगळ्यांना मिळेल तेव्हाच मी लावीन, म्हणून अडून बसलेल्या ताईनं पहिल्याच दिवशी फोन केला. तारीख मिळाली, ऑपरेशनही झालं. ऑपरेटरबाईंचे मात्र हाल झाले. फोन थांबेचना. "डबा उघडायला फुरसत नाही हो," त्या म्हणाल्या. घड्याळजींना अपराधी वाटलं. दुसरी ऑपरेटर नेमा, असा अर्ज त्यांनी स्वतः लिहून दिला. अजून तो अधीक्षकांच्या टेबलावरच आहे.

परवा शिंपीणबाईंनी पाणीपुरवठा कार्यालयाचं बिल आणून दाखवलं. त्यावरही तसलाच नंबर. मग दोघं तिथं गेली. शिंपीणबाई दारात उभ्या राहून नंबर लावत होत्या, अन् घड्याळजी मजल्यामजल्यावर दारांना कान लावून फिरत होते. दुसऱ्या मजल्यावर एका कुलूपबंद खोलीत फोन वाजत होता.

"ही खोली कुणाची?" त्यांनी शिपायाला विचारलं.

शिपाई दाराकडे बघत राहिला. "खरंच की, कुणाची बरं?" म्हणत तो किल्ली शोधायला गेला.