प्लिमथच्या इंजिनाचे दोन आकडे

मी इंजिन बोलतोय. सहा सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, अमेरिकेत ओतलेलं आणि जालना जिल्ह्यात म्हातारं झालेलं. सध्या माझा मुक्काम जुन्या जालन्यात, मच्छिंद्र मिस्त्रींच्या गॅरेजात आहे. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, लोखंडी घोडीवर मी बसलेला दिसेन. येणारेजाणारे विचारतात, "हे कशाचं धूड?" मला राग येत नाही. वजनाने मी धूडच आहे.

माझा जन्म १९५० सालचा. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते थंड झालं आणि साच्यातला सात आकडी नंबर माझ्या कुशीवर उठून आला. चांगला ठसठशीत, अंधारात बोटाला लागेल असा. पण तो माझा एकट्याचा नव्हे. तसल्या साच्यातून निघालेल्या माझ्या हजारो भावांच्या कुशीवर तोच नंबर आहे. आमचं आडनावच म्हणा ना. पुढे मला तासलं, घासलं, पिस्टन बसवले आणि एका कामगाराने माझ्या पुढच्या डाव्या खांद्यावरच्या चिंचोळ्या सपाट पट्टीवर पंच धरून एकेक अक्षर ठोकलं. ते माझं स्वतःचं नाव. बारीक, उथळ, मुद्दाम शोधल्याशिवाय न दिसणारं. या दोन आकड्यांतला फरक न कळल्यामुळे एका भल्या माणसावर चाळीस वर्षं डाग राहिला. तीच हकीकत मला सांगायची आहे.

बोटीतून मी मुंबईला आलो, तिथे एका हिरव्या प्लिमथ गाडीत बसलो आणि हैदराबादच्या एका साहेबाकडे गेलो. त्या साहेबाला गाडीपेक्षा हॉर्नची जास्त हौस होती. १९६५ च्या सुमारास जालन्याच्या केशवराव वकिलांनी गाडी विकत घेतली. अंबडच्या कोर्टात जाताना ते मागे बसत आणि सारा रस्ता कागद वाचत. माझ्याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही, पण तेल बदलायची तारीख कधी चुकवली नाही. मालक म्हणून माझी त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती.

माझी देखभाल मच्छिंद्र मिस्त्रींकडे होती. तेव्हा ते विशीतले. बॉनेट उघडण्याआधी ते मला सुरू करायचे आणि डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. मग म्हणायचे, "चौथ्या नंबरचा प्लग जळून राह्यला बराबर न्हाई." आणि चौथाच निघायचा.

१९८० साली पेट्रोल परवडेना. तेव्हा अशा गाड्यांत टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायची रीतच पडली होती. केशवरावांनी तेच केलं. मिस्त्रींनी मला बाहेर काढलं, डिझेलवाल्याला आत बसवलं. नव्या इंजिनाचा नंबर नोंदवताना आरसी बुकातल्या माझ्या नंबरावर कुणीतरी लाल शाईची रेघ ओढली. मला जांब समर्थच्या अलीकडे वकिलांच्या शेतावर पाठवलं. तिथे शेत वाहणाऱ्या भुजंगने माझ्यावर पट्टा चढवला आणि मी विहिरीचं पाणी ओढू लागलो. साहेबाला आणि वकिलांना फिरवलेला मी, आता रॉकेलवर चालून उसाला पाणी देत होतो. खरं सांगतो, मला ते काम आवडलं. तिथे निदान माझ्याकडे कुणी बघत तरी होतं.

बघणारी म्हणजे भुजंगची बायको चतुराबाई. त्याच साली लग्न होऊन आलेली. दसऱ्याला शेतकरी नांगर, विळे, कोयते पुजतात तसं तिने मलाही पुजलं. सगळं अंग माझं खडबडीत आणि तेलकट, स्वस्तिक काढायचं कुठे? शोधता शोधता तिला खांद्यावरची ती सपाट पट्टी सापडली. तेलात कालवलेला शेंदूर तिने तिथे दोन बोटांनी जाड लिंपला आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. माझं नाव त्याखाली गेलं. मला इतका मान कधी मिळाला नव्हता, त्यामुळे तेव्हा वाईट वाटलं नाही.

दोन दसरे झाले. मग केशवरावांना कुणीतरी सांगितलं की मिस्त्री लोक चांगलं इंजिन परस्पर विकतात आणि मालकाच्या गळ्यात दुसरंच मारतात. वकील माणूस, थेट आरसी बुक घेऊन शेतावर आले. रुमालाने माझी कूस पुसली. उठावाचा सात आकडी नंबर वाचला. मग बुकातला, लाल रेघेखालचा नंबर वाचला. एकाचा दुसऱ्याशी काही मेळ नव्हता. शेंदराच्या जागेवर त्यांची नजर गेली होती, मी पाहिलं. पण पुजलेल्या जागेला नख कोण लावणार? त्यांनी हात जोडले आणि बुक खिशात टाकलं.

त्यांनी भांडण केलं नाही, तक्रारही केली नाही. गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यायला लागले, आणि कुणी कारण विचारलं की म्हणायचे, "मिस्त्री हुशार आहे, पण इंजिन बदलतो." वकिलांचा शब्द होता. बघता बघता मोठ्या गाड्या मिस्त्रींच्या दारात यायच्या थांबल्या.

काही दिवसांनी मिस्त्री स्वतः, बुकातला आकडा चिठ्ठीवर उतरवून घेऊन, सायकलवर शेतावर आले. त्यांनीही तोच उठावाचा नंबर पाहिला आणि गोंधळून गेले. आकड्यांशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, ते इंजिन कानाने ओळखत. त्यांनी मला सुरू करून बराच वेळ ऐकलं. मग भुजंगला म्हणाले, "हेच हाय. मीच आणून ठिवल्तं. पण कागद दुसरंच बोलून राह्यला, तर माझं कोण ऐकंल?" शेंदराला त्यांनीही हात लावला नाही. लांबूनच नमस्कार केला आणि गेले. त्या दिवशी मला बोलता येत असतं तर किती बरं झालं असतं.

पुढे विहिरीवर विजेची मोटर आली. मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेलो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या, उंदरांनी कार्बोरेटरमध्ये संसार थाटला. चतुराबाईचा दसरा मात्र चुकला नाही. शेंदरावर शेंदूर चढत गेला. भुजंग गेला, केशवराव गेले. गेल्या वर्षी भुजंगच्या मुलाने, कल्याणने, वकिलांच्या मुलीला फोन लावला. "अरुंधतीताई, गोठा बांधायला काढला. तुमचं ते इंजिन भंगारात देऊ का? एमआयडीसीतला टेम्पो येऊन राह्यला सोमवारी."

जालन्यात भंगार म्हणजे भट्टी. सळया व्हायला मी मनाने तयार झालो होतो. कंटाळाही आला होता.

अरुंधतीताई म्हणाल्या, "रविवारपर्यंत थांब." वडिलांची गाडी मूळ रूपात आणायचं त्यांच्या मनात होतं. जुन्या अमेरिकन गाड्या ओळखणाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. त्यातून त्यांना कळलं होतं की उठावाचा नंबर साच्याचा असतो, इंजिनाचा नंबर वेगळा, खांद्यावर ठोकलेला. त्यांना त्या रात्री झोप लागली नाही, असं त्या नंतर म्हणाल्या.

रविवारी त्या आल्या. सोबत मच्छिंद्र मिस्त्री. शहात्तर वर्षांचे, हातात काठी. ते गोठ्याच्या दारातच थांबले.

"ताई, मला आता काही शाबित करायचं न्हाई," ते म्हणाले. "हैदराबादवाल्यानं माझ्याआधीच इंजिन बदललं असंल, तर? आकडा जुळला न्हाई, तर मंग मी मरंपर्यंत चोरच."

"काका, नाही जुळला तर आपण चौघांशिवाय कुणाला कळणार नाही," अरुंधतीताई म्हणाल्या. "पण जुळला तर मी सगळ्यांना सांगणार."

मिस्त्रींनी काठी दाराला टेकवून ठेवली. मग आत आले.

कल्याणने ग्राइंडर आणला होता. "दोन मिनिटांत चकाचक करतो," म्हणाला. अरुंधतीताईंनी त्याचा हात धरला. ते चाक फिरलं असतं तर शेंदरासोबत माझं नावही गेलं असतं. मग चतुराबाई पुढे झाली. "मी बसवलेला देव हाय, मीच उठवते," म्हणाली. तिने नमस्कार केला, रॉकेलचा बोळा पट्टीवर धरला आणि लाकडी उलथन्याने हळूहळू खरवडायला लागली. चव्वेचाळीस दसऱ्यांचा शेंदूर. बोटभर जाड खपल्या निघाल्या. खालचं लोखंड कोरडं, गुळगुळीत होतं. बाकी सगळ्या अंगावर गंज, आणि तेवढ्या जागेवर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

अक्षरं उजेडात आली. आकड्यांच्या शेवटी एक बारीक खूण होती.

"हे शंकरपाळं कशाचं?" कल्याणने विचारलं.

अरुंधतीताईंनी फोनमध्ये पाहिलं. "कारखान्यात याच्या टॅपेटांची, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यांची, भोकं जरा मोठी झाली होती. म्हणून जाड टॅपेट घातले आणि ही खूण केली."

मिस्त्री एकदम खाली बसले. "म्हणून, ताई. अठ्ठ्याहत्तर साली मी मुंबईहून नवे टॅपेट आणल्ते. एक बी घट्ट बसंना. मी दुकानदाराला शिव्या घातल्या आन् जुनेच परत टाकले." त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला. "माझंच हाय हे. तुम्ही वाचू बी नका."

तरी अरुंधतीताईंनी वाचलं. एक नजर बुकात, एक पट्टीवर. "पी वीस. चार, एक, सात. दोन, नऊ, पाच." लाल रेघेखाली तेच होतं. त्यांनी बुक मिटलं. "काका, आमच्या बाबांची चूक झाली. मी माफी मागते."

"वकीलसाहेब वाईट न्हवते," मिस्त्री म्हणाले. "एकदा मला बोलावून पुसायला पाहिजे होतं. बस, तेवढंच."

अरुंधतीताईंनी शब्द पाळला. वकिलांच्या ओळखीच्या घरांत त्या स्वतः जाऊन सांगून आल्या. पण ज्यांनी ते वाक्य ऐकलं होतं त्यांतले निम्मे आता हयात नाहीत. ते मिस्त्रींना चोर समजूनच गेले. त्याला आता इलाज नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मी गॅरेजात आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रींची बायको दैवशाला डबा घेऊन आली. मिस्त्रींनी पट्टी पुसली आणि आरसी बुक तिच्या हातात दिलं. "वाच. दोन्हीकडचं वाच." तिने चष्मा लावला, एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचलं. मग बुक मिटून परत दिलं.

"जुळलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"जुळलं," ती म्हणाली. "न्हाई जुळलं असतं तरी डबा आणलाच असता. जेवून घ्या, भाकर गार होऊन राह्यली."

मिस्त्री हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळापाशीच उभे राहिले. दैवशालाने त्यांना हाक मारली नाही.

आता माझे पिस्टन बदलून झालेत, दिवाळीपर्यंत मी गाडीत बसेन. तुम्ही कधी जुन्या जालन्यात आलात तर गॅरेजात डोकवा. माझा आकडा वाचलात, नाही वाचलात, चालेल. मिस्त्रींशी मात्र दोन शब्द बोला. त्यांच्याशी बोलायला फार वर्षं कुणी आलं नव्हतं.