काळ्यावर काळी टीप

मास्तरांनी निंजाच्या काळ्या अंगरख्याची बाही उलटी केली, काखेतल्या शिवणीवरून अंगठ्याचं नख ओढत नेलं आणि मध्येच थांबल्या. नख मागे आणून त्यांनी टाके मोजले. इंचाला बारा. बत्तीस वर्षं त्यांचं मशीन इंचाला दहा टाके घालत आलं होतं. हा अंगरखा त्यांनी परवा स्वतः शिवला होता, आणि आज त्यात दुसऱ्याच कुणाचा हात लागत होता.

त्यांनी दुसरा निंजा घेतला. बारा. तिसरा, बारा. मग शेजारच्या दांडीवरून समुद्री चाच्याचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा ओढला. तिथे मात्र दहाच.

"काय शोधताय, आई?" बेतणीच्या टेबलावरून सुनेने विचारलं.

"टाचणी राहिली का बघतेय. उद्या कुणाला टोचायची."

सुनेने मान डोलावली आणि कात्री पुढे नेली. मास्तरांनी अंगरखा होता तसा घडी करून ठेवला. त्यांना सगळा बाजार मास्तरच म्हणत असे. नाटकांचे, जलशांचे, सोंगांचे कपडे शिवणारी बाई, तिला दुसरं काय म्हणणार? पुढे दुकान, मागे शिवणखोली, वर घर. मुलगा नोकरीनिमित्त परगावी. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सून शिवणकाम शिकूनच आली होती, आणि हात चांगला होता, हे मास्तरांनी मनात कबूल केलं होतं. तोंडाने नव्हे. तोंडाने कबूल केलं की माणूस डोक्यावर बसतं.

या खेपेची मागणी मोठी होती. एका कंपनीच्या वार्षिक समारंभासाठी वीस निंजे आणि वीस चाचे. चांगली पोटं सुटलेली, घरी नातवंडं असलेली माणसं काळे बुरखे ओढून आणि एका डोळ्याला पट्टी बांधून एकमेकांशी रस्सीखेच खेळणार होती. मापं द्यायला आले तेव्हाच त्यांची दुकानात जुंपली होती. निंजा कधी आला ते कळतच नाही, असं एकाचं म्हणणं. चाच्याकडे तोफ असते, कळून करतो काय, असं दुसऱ्याचं. काउंटरवर बसणाऱ्या मास्तरांच्या यजमानांना तेवढंच हवं होतं. त्यांनी भिंतीला पाटी टांगली, मधोमध रेघ मारली आणि येईल त्याचं मत खडूने मांडायला सुरुवात केली.

"तुझं कुणाला?" त्यांनी बायकोलाही विचारलं होतं.

"चाच्यांना. तो निदान समोरून येऊन लुटतो. लपूनछपून येणाऱ्याचा काय भरवसा?"

ते बोलताना त्यांची नजर सुनेकडे गेली होती. पण तेव्हा नुसता वास येत होता. टाके आज सापडले.

शिवण उसवल्याशिवाय दुसऱ्याची बेतणी कळत नाही, हे शिवणारा कुणीही सांगेल. आणि मास्तरांच्या निंजाची बेतणी बाजारात कुणाकडे नव्हती. बुरखा आणि अंगरखा एकाच तुकड्यात, मानेपाशी जोड नाही. कितीही उड्या मारा, बुरखा सरकत नाही. निंजे त्या स्वतःच बेतत, त्याचे कागदी नमुने कुलपात ठेवत आणि किल्ली कमरेला. आठ वर्षांपूर्वी त्यांच्याकडचा एक कारागीर असाच गोड बोलत राहिला, रात्री उशिरापर्यंत थांबत राहिला, आणि एके दिवशी समोरच्याच रस्त्यावर त्याच्या दुकानात मास्तरांचे राजे, प्रधान आणि राक्षस टांगलेले दिसले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. इथे तर ताक घरातलंच होतं.

आता एकेक गोष्ट जुळायला लागली. काळ्या दोऱ्याची रिळं दुप्पट वेगाने संपत होती. सुनेच्या टेबलाच्या खणात टाके काढायची उसवणी होती, पातं नवं कोरं. आणि मागच्या आठवड्यात जिन्यावरून ऐकलेलं फोनवरचं बोलणं. पलीकडे त्यांचाच मुलगा होता. सून हलक्या आवाजात म्हणत होती, "त्यांना कळता कामा नये. कळलं तर संपलंच सगळं."

म्हणजे मुलगाही सामील. त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नव्हतं. नमुने गेले तर दुकान जाईल, ते एक वेळ सोसता येईल. पण सुनेला रंगेहाथ धरून बाहेर काढली, तर तिच्या मागोमाग मुलगा जाणार, हे उघड होतं. आणि धरली नाही, तर रोज एका टेबलाशी बसून चोराला चहा विचारायचा.

दुपारी जेवण झाल्यावर त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, "पडते जरा तासभर."

"पडा, आई. मी आवरते खालचं."

खालचं आवरते. आवरशील तर खरंच, मास्तरांच्या मनात आलं. वर जाऊन त्यांनी खाट करकरू दिली, दहा मिनिटं छताकडे बघत काढली, मग सपाता तिथेच ठेवून अनवाणी जिना उतरल्या. कुठली पायरी वाजते ते त्यांना ठाऊक होतं, ती ओलांडली. शिवणखोलीच्या मागच्या दाराने आत शिरून त्या चाच्यांच्या लांब कोटांमागे उभ्या राहिल्या. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, स्वतःच्याच दुकानात, श्वास रोखून. लाज वाटली, पण हलल्या नाहीत.

सून खिडकीजवळ बसली होती. मांडीवर काळा अंगरखा, हातात उसवणी. काखेपासून कंबरेपर्यंत तिने शिवण सर्रकन उसवली. मास्तरांनी दात आवळले. आता कागद निघेल, पेन्सिल निघेल, बाजूंची मापं उतरवली जातील.

कागद निघाला नाही. सुनेने उसवलेल्या दोन्ही कडा नीट जुळवल्या, टाचण्या लावल्या, कापड मशीनखाली सरकवलं आणि पुन्हा टीप मारली. दोरा तोडला. शिवण ताणून बघितली. अंगरखा उजवीकडच्या गठ्ठ्यात ठेवला आणि डावीकडच्या गठ्ठ्यातून पुढचा उचलला.

उसवायचं आणि तेच पुन्हा शिवायचं. ही कसली चोरी?

पुढून यजमानांनी हाक मारली. "अगं सूनबाई, एक ताई आल्यात मापाला!"

सून टेप गळ्यात अडकवून पुढे गेली. मास्तर कोटांमधून बाहेर आल्या. डावीकडच्या गठ्ठ्यातला वरचा अंगरखा, अजून सुनेचा हात न लागलेला, त्यांनी खिडकीशी नेला. डोळ्यांना काही वेगळं दिसलं नाही. काळं कापड, काळा दोरा, सगळं एकसारखं. मग त्यांनी नख लावलं. टाके इंचाला दहा, एका रांगेत, त्यांचे स्वतःचे. आणि बोट पुढे नेता नेता ते आरपार गेलं.

चार बोटं रुंद जागेत टीप एकाच पदरावरून धावली होती. दुसरा पदर तिला लागलाच नव्हता. थोडं पुढे टीप दोन्ही पदरांवर यायची, पुन्हा सुटायची. दुसरा अंगरखा घेतला. त्यात काख पूर्ण उघडी. तिसऱ्यात बाहीची शिवण. स्वतःच्या कामावरून त्यांनी आजवर कधी हात फिरवला नव्हता. कशाला फिरवतील?

त्या स्टुलावर बसल्या. चाच्यांचे सदरे समोर टांगलेले होते, लाल कापडावर पांढरी टीप, सुतासारखी सरळ. ते कुणी उसवले नव्हते. उसवायची गरज नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी एक गिऱ्हाईक काळी विजार परत घेऊन तणतणत आलं होतं. भर स्टेजवर फाटली म्हणे. सून पुढे झाली होती, कपडा घडी करून आत घेऊन गेली होती आणि म्हणाली होती, "काही नाही, आई. माणूसच जाड होता." मास्तर खूप हसल्या होत्या त्यावर. त्याच सुमारास त्यांनी मशीनवरचा बल्ब बदलून घेतला होता. मग पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. हल्ली बल्बच धड येत नाहीत, असं त्या म्हणायच्या, आणि यजमान एक शब्द न बोलता स्टुलावर चढायचे. एरवी त्या माणसाला साधा खिळा ठोकायला सांगितला तर अर्धा तास वाद घालतो.

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं.

मास्तरांना खूप राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो कुणावर काढावा ते कळेना. पुढे सून गिऱ्हाइकाला सांगत होती, "दंड जरा सैल ठेवते हं, ताई." मास्तरांनी तिन्ही अंगरखे होते त्या क्रमाने गठ्ठ्यात ठेवले, वरच्याची बाही होती तशी दुमडली, आणि अनवाणीच वर गेल्या. वाजणारी पायरी याही वेळी ओलांडली.

खाटेवर पडून त्यांनी पाऊण तास मोजला. खालून मशीनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मग उठून त्यांनी सपाता घातल्या. जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहून दोनदा खोकल्या. एकेक पायरी सपाता आपटत उतरल्या, आणि वाजणाऱ्या पायरीवर अंमळ जास्तच भार दिला. मशीन बंद झालं. खण सरकल्याचा आवाज आला.

सरळ आत न जाता त्या काउंटरकडे वळल्या. यजमानांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"आज काय वाजतगाजत स्वारी? तो बल्ब पुन्हा बघू का? सकाळी तू म्हणालीस अंधार पडतो."

"राहू द्या. बल्बला काही झालेलं नाही."

यजमानांनी पेपर खाली ठेवला. मास्तरांनी पाटीच्या चौकटीवरचा खडू उचलला, चाच्यांच्या बाजूची एक रेघ बोटाने पुसली आणि पलीकडे, निंजांच्या रांगेत, एक नवी रेघ ओढली. रेघ जराशी तिरकी आली.

शिवणखोलीत सून टेबलाशी उभी राहून पट्ट्या कापत होती. उजवीकडचा गठ्ठा वाढला होता, डावीकडे दोनच कपडे उरले होते. मास्तर खुर्चीत बसल्या आणि कमरेची किल्ली काढून त्यांनी टेबलावर, कात्रीशेजारी ठेवली.

"नमुन्यांचं कपाट एकदा झाडून घे. तुझ्या सोयीने लाव."

सुनेने किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बरं, आई."

"निंजे किती राहिले?"

"दोन. उद्यापर्यंत होतील."

"आणि पुढच्या महिन्यात नाटकवाल्यांचं काळ्या कपड्यांचं काम येणार आहे." मास्तरांनी चाच्याचा लाल सदरा मांडीवर ओढला आणि बटणं लावायला घेतली. "मला हल्ली दुपारचा तासभर पुरत नाही. दोन तास पडत जाईन म्हणते."

कात्री थांबली. सुनेने टेबलावरची किल्ली उचलली.

"पडत जा," ती म्हणाली. "मी उठवणार नाही."