सुतळीनं मोजलेलं लंडन

या, बसा. बोलतोय तो मीच, दिंडोरीच्या सुतळी-बारदानाच्या दुकानातला पृथ्वीचा गोल. आतून पुठ्ठा, वरून कागद; तरी सगळे समुद्र माझ्याच अंगावर आहेत.

आधी मी एका शाळेत होतो. कपाटावरून पडलो, ऑस्ट्रेलियाला पोचा आला आणि रद्दीबरोबर पुंजारामदादांच्या गल्ल्याशेजारी येऊन बसलो. शाळेत मला हात लावायची पोरांना बंदी होती; दादांनी आल्या दिवशी माझ्या दांडीला चष्मा अडकवला. मला तेच बरं वाटलं.

दादा चौथी शिकलेले, पण मापाला पक्के. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत त्यांच्या लेकीचं, तेजस्विनीचं, बाळंतपण लंडनला होतं. आईनं, म्हणजे कुसाबाईंनी, जायलाच हवं. पण त्या जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा कधी बसल्या नव्हत्या.

दादांनी सुतळी माझ्या अंगावर मुंबईपासून लंडनपर्यंत ताणली, गाठ मारली. मग तेवढीच सुतळी माझ्या कमरेभोवती फिरवून पाहिली. साडेपाच वेळा बसली. पृथ्वीची कंबर चाळीस हजार किलोमीटर, हे त्यांनी कुठंसं वाचलेलं. "म्हंजे सव्वासात हजार!" मग तिकीट पाहिलं. सकाळी सातला निघणार, अकराला पोचणार. "अगं, चार तास! एस्टीला मुंबई गाठायला याच्याहून जास्त लागतात. बसली की उतरली."

त्या शब्दावर कुसाबाई डिंकाचे लाडू बांधून थोरल्या लेकाबरोबर मुंबईला गेल्या.

विमानाच्या दिवशी दादा अकरापासून फोनपाशी. बारा वाजले, एक वाजला. डबा उघडलाच नाही. समोरचा, टोमॅटो भरायचे कॅरेट विकणारा चंदर म्हणाला, "दादा, वर लय गर्दी असंल. उतरायला जागा मिळंना."

"गप रं! ती नको म्हणत व्हती. मीच धाडली."

त्यांनी रिसीव्हर उचलून फोन चालू आहे का ते पुन्हा एकदा पाहिलं.

दोनच्या सुमारास शाळेच्या साधनाबाई सुतळी न्यायला आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "दादा, चार तासांत सव्वासात हजार? विमान एवढं पळत नाही हो. पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते." त्यांनी मला उचलून ओट्यावर उन्हात ठेवलं आणि हळूच फिरवलं. "इथं दोन वाजलेत, आणि लंडनला बघा, आत्ता कुठं उजाडतंय. लंडन साडेपाच तास मागं; म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा धरा. साडेचारला उतरतील."

दादा माझ्यापुढे उकिडवे बसले. माझ्या अर्ध्या अंगावर ऊन, अर्ध्यावर सावली, आणि त्या सावलीच्या कडेवर लंडन. त्यांनी लंडनवर बोट ठेवलं. "आयला," पुटपुटले, "म्या नुसती जमीन मापली. सूर्य धरलाच नाय."

खरं सांगतो, जन्मभर लोकांनी मला गरगर फिरवलं. आपण कशासाठी फिरतो ते मलाही त्या दुपारीच कळलं.

साडेपाचला फोन वाजला. कुसाबाई एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या की मलासुद्धा ऐकू आलं. "अहो, दोनदा जेवले, झोपून उठले, तरी सकाळ काही सरंना! सूर्य आमच्या संगंच चालला व्हता."

"मापात चुकलो गं मी," दादा म्हणाले.

"चुकलात ते झ्याक केलंत. नऊ-धा तास सांगितले असते, तर मी घरातून निघाले असते व्हय?"

त्याला दहा वर्षं झाली. माझा रंग उडालाय. "आजी इथनं अशी गेली," असं दादांनी नातवंडांना बोटानं दाखवून दाखवून लंडनच्या जागी पांढरा ठिपका पडलाय. नवा गोल खुशाल आणा. पण ही गाठीची सुतळी माझ्या अंगावर राहू द्या. आणि तुमच्यापैकी कुणी लांब निघालं, मागं राहिलेल्याचा जीव घाबरा झाला, तर मला जरा ओट्यावर उन्हात न्या.