लाल चिंधी शेवटच्या खिळ्यावर

मी फळी बोलतेय. शिंप्याच्या दुकानातली, वीस खिळ्यांची. आधीच कबूल करून टाकते: बावीस हंगाम मी एकदाही खोटं बोलले नाही, आणि यंदा पहिल्या तीनच आठवड्यांत बोलले. तेही एका आजारी माणसाच्या तोंडावर.

माझा जन्म कापणीच्या टेबलातून झाला. जुनं टेबल मोडलं, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर दादाने एकाखाली एक वीस खिळे ठोकले. दादा म्हणजे दोघा भावांतला थोरला, कापड कापणारा. धाकटा मशीनवर बसणारा. फुटबॉलच्या लीगमध्ये क्लब वीस, म्हणून खिळे वीस. प्रत्येक क्लबची त्याच्या रंगाची एक चिंधी, चिंधीला एक सेफ्टी पिन आणि पिनेत गुणागणिक एक बटण, सामना जिंकला की तीन. ज्याची बटणं जास्त तो वर. सोमवारी सकाळी शटर उघडलं की पहिलं काम माझं. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी बेहत्तर!

दादा लालवाल्यांचा, धाकटा हिरव्यांचा. ज्याची चिंधी खाली, त्याने आठवडाभर दुकानातले दोरे नि कातरण झाडायचं आणि वरच्याने चिडवलेलं मुकाट ऐकून घ्यायचं, एवढाच नियम.

"काय दादा, झाडू धरता येतोय ना? की तुमच्या गोलकीपरसारखा हातातून सुटतोय?" धाकटा मशीन न थांबवता म्हणायचा. दादा धुसफुसायचा, पण झाडायचा. पुढे कधी लालवाले वर गेले की मग सगळं उट्टं काढायचा. या दोघांनी एकमेकांना "बरा आहेस ना?" असं साधं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. जी काही माया होती, ती या चिडवण्यात होती.

यंदाही हंगामाआधी दादाचं भाषण झालंच. "निळ्यांनी पुन्हा प्रशिक्षक बदललाय, त्यांचं काही खरं नाही. पांढऱ्यांचा बचाव म्हातारा झालाय, पण नशीबवान आहेत लेकाचे. तुझे हिरवे मधेच कुठेतरी लोंबकळणार. आणि आमचे लालवाले... यंदा नाही तर कधीच नाही!"

"बावीस वर्षं हेच ऐकतोय," धाकटा म्हणाला.

पहिल्या सामन्याला आठवडा असताना दादा कापता कापता पोट धरून खाली बसला. दवाखान्यात पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. महिना, फार तर दोन, असं डॉक्टरांनी सांगितलं. धाकट्याने हे बंद दुकानात फोनवर आपल्या बायकोला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. दादाला मात्र सांगितलं, अल्सर होता, काढला, आता नुसती विश्रांती.

घरी आल्या आल्या दादाने एकच मागितलं. "माझी फळी आणा." मग मला त्याच्या पलंगासमोर टांगलं.

आणि लालवाले, काय सांगू! पहिल्याच सामन्यात तीन गोल खाल्ले. इकडे हिरवे दणक्यात जिंकले आणि थेट पहिल्या नंबरवर. धाकट्याने ज्याची बावीस वर्षं वाट पाहिली, ते घडलं होतं. सोमवारी तो आला, दाराशी चपला काढल्या, दादाच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग लाल चिंधीला तीन बटणं लावून ती पहिल्या खिळ्यावर अडकवली आणि आपली हिरवी स्वतःच्या हाताने सतराव्यावर टाकली.

"जिंकले तुझे," तो म्हणाला. "आमच्यांनी माती खाल्ली."

मला वाटलं, खिळ्यासकट गळून पडावं. पण फळीचं कोण ऐकतो?

दुसऱ्या सोमवारी तेच. नव्याने वर चढून आलेल्या क्लबने लालवाल्यांना त्यांच्याच मैदानावर धुतलं होतं, आणि इथे त्यांची बटणं सहा झाली. दादाचा मोबाईल "डोळ्यांना ताण नको" म्हणून काढून घेतला होता. पेपरातलं खेळाचं पान रोज नेमकं कपाटात अंथरलेलं असायचं.

तिसऱ्या सोमवारी धाकटा उसनं अवसान आणून म्हणाला, "पांढऱ्यांना लोळवलं तुझ्यांनी! एक-शून्य!" खरं म्हणजे पांढऱ्यांनीच चार गोल चढवले होते. त्याने लाल पिनेत नववं बटण ओवलं. आणि तिथेच चुकला. बाकीच्या क्लबांची बटणं तो सवयीने खरी लावत होता, तशी पांढऱ्यांचीही खरीच लावली.

धाकटा गेल्यावर दादाने वहिनीला हाक मारली.

"अगं, पांढरी बटणं मोज."

"नऊ."

"आणि लाल?"

"नऊच की."

"तीन सामने, म्हणजे दोघांनीही तिन्ही जिंकले. आणि तिसरा तर त्यांचा एकमेकांशीच होता. दोघंही कसे जिंकतील गं?"

वहिनीने तोंड फिरवलं.

"लालवाले हरले याचं काही नाही," दादा हळूच म्हणाला. "ते हरतातच. पण ते हरलेत आणि हा मला चिडवत नाहीये. मी बरा होणार असतो ना, तर त्याने मला सोडलं नसतं."

वहिनीला हुंदका आवरेना. तिने सगळं सांगून टाकलं. मग दादाने तिच्याकडून खरे निकाल वाचून घेतले आणि तिच्याच हाताने मला खरं केलं. हिरवी चिंधी पहिल्या खिळ्यावर गेली. लाल विसाव्यावर, एकाही बटणाशिवाय.

पुढच्या सोमवारी धाकटा आला आणि माझ्याकडे बघून जागीच थिजला.

"बघतोस काय?" दादा म्हणाला. "तुझा हक्काचा आठवडा आहे. चिडव."

"दादा, अरे..."

"चिडव म्हणतो ना! बावीस वर्षं थांबलास. माझ्याकडे पुढचा हंगाम नाही."

धाकट्याने तोंड उघडलं. "काय दादा," तो म्हणाला, "झाडू..." पलंगाच्या कडेवर डोकं टेकून तो पोरासारखा रडला. त्याच्या केसांत दुकानातले दोऱ्यांचे तुकडे अडकले होते. दादा ते एकेक करून वेचत बसला. सगळे वेचून झाल्यावर त्याने तळहात पुढे केला.

"हे बघ," तो म्हणाला, "माझं झाडून झालं."

सहाव्या आठवड्यात दादा गेला. मी परत दुकानात आले. सोमवारी धाकटा शटर उघडतो आणि माझ्याकडे न बघता मशीनवर बसतो. हंगाम अजून केवढा तरी बाकी आहे, पण लालवाले सावरले की बुडाले, मला माहीत नाही.

तुम्ही कधी कपडे शिवायला आलात, तर त्याला एवढं विचारा, लालवाल्यांचं काय झालं? तो बोलेल, न बोलेल. पण जे असेल ते खरं सांगा म्हणावं, आता मला खोटं सोसत नाही. कोपऱ्यात दोरे नि कातरण साचत चाललंय, गुडघाभर झालंय. धाकटा त्याला हात लावत नाही. लाल चिंधी अजून शेवटच्या खिळ्यावर आहे, आणि नियमाने झाडायची पाळी दादाची आहे.