ओटीचा नारळ

भिंतीतल्या देवळीत हात घातला तर नारळ नव्हता.

रुख्मिणीने परकराला हात पुसून पुन्हा चाचपलं. नुसती उदबत्तीची राख. आत्याच्या ओटीसाठी आईने सकाळी तिथे ठेवलेला नारळ लपवायलाच ती आली होती. ओटी भरल्याशिवाय आत्या निघणार नाही, खामगावची दुपारची मोटार चुकेल, आणि आत्याची मुलगी चंद्रकला आणखी एक दिवस खेळायला मिळेल. पण आधीच कुणीतरी हात मारला होता.

घटकाभरात घरभर कुजबुज झाली. अखाजीच्या सणापासून हसतखेळत नांदलेली माणसं एकमेकांच्या पिशव्यांकडे पाहू लागली. वडील, वामनराव, दुकानापर्यंत जाऊन आले. दुकानदार लग्नाला गेलेला.

"सुपारी घालून भरू ओटी," ते म्हणाले.

"सुपारीवर बोळवता मले?" आत्याने ट्रंकेचं झाकण आपटलं. "महिनाभर वयनी भांडे आदळून राह्यल्या, ते काय मले आयकू येत नव्हतं, दादा? नारळ जड झाला त्याह्यले. पुढच्या अखाजीले मी काही येत नाही."

आई चुलीपुढून हलली नाही.

"घरात पोरं काय कमी हायेत? त्याह्यले इचारा," एवढंच म्हणाली.

भांडी आदळल्याचं खोटं नव्हतं. 'कवा जातीन हे लोकं' हेही रुख्मिणीने आईच्या तोंडून रोज ऐकलं होतं. म्हणूनच तिचा संशय आईवर गेला. आई न्हाणीकडे गेली तशी ती धान्याच्या कोठीवर चढली आणि फळीवरचा शेवयांचा डबा उघडला. त्याला आईखेरीज कुणी हात लावत नसे.

शेवयांखाली नारळ होता.

उतरताना पाय कशाला तरी लागला. कोपऱ्यात, परातीखाली मोठा पितळी गंज. त्यात काठोकाठ भिजलेली डाळ, टम्म फुगलेली. सकाळीच घातलेली असणार. चंद्रकलेला वडे आवडतात. पण पाहुणे तर दुपारी जाणार होते.

रुख्मिणीने परात पुन्हा गंजावर ठेवली. मग नारळ घेऊन बैठकीत गेली.

"म्या लपवला. चंद्रकला ऱ्हावी म्हून."

वडिलांनी हात उगारला. आत्याने तिला ओढून पोटाशी धरलं.

"मारू नोका हो दादा!" आत्या हसू लागली, मग डोळे पुसू लागली. "पाहा वयनी, तुमच्यापेक्षा तुमच्या पोरीले माया हाये."

तेवढ्यात वेशीकडे मोटारीचा भोंगा वाजला आणि लांब गेला.

आई दारात उभी होती. तिने नारळ हातात घेतला. शेंडीत शेवईची एक काडी अडकली होती. ती तिने हळूच काढून मुठीत धरली.

"गेली ना मोटार," ती म्हणाली. "घाला आता अजून एक दिस खाऊ."

आत जाऊन तिने कढई आदळली.

संध्याकाळी वडे तळले. रीतीने पाहुण्यांच्या पोरांना आधी वाढायचं. आईने मान वर न करता पहिला वडा रुख्मिणीच्या ताटात टाकला.