बंबकाकांनी पेटवलेली काडी

आधी खाली कागद. मग वर कोळसे. मग

नाही, थांबा. त्याआधी बंबकाका आले पाहिजेत. ते आल्याशिवाय काही पेटवायचं नाही, असं लेकीनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

बंबकाका म्हणजे तिचे बाबा. उभा जन्म आगी विझवण्यात गेलेला माणूस. निवृत्त झाले तरी शेजारी कुणाचा पाव करपला की यांचं नाक आधी खिडकीबाहेर. घरात शेगडी विजेची, आणि लेकीच्या वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्यांऐवजी टॉर्च. "आपल्या घरात तुझ्या बाबांचं डोकं सोडून काही पेटत नाही," असं तिची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली.

आणि अशा माणसाच्या पोरीनं काढावं काय, तर निखाऱ्यांवर भाजून वाढणारी खानावळ! जागा ठरली होती, टेबलं आली होती, नवरा पाठीशी होता, सासू तर पदर खोचूनच बसली होती. राहिला होता तो बाबांचा होकार. "तुमची झोप उडवून मला दुकान चालवायचं नाही," लेक म्हणाली होती. "एकदा येऊन बघा. मग नको म्हणालात तर नको."

बंबकाका नको म्हणायलाच आले होते. काय बोलायचं ते वाटेत घोकत आले होते.

*

खानावळीच्या मागे छोटंसं अंगण. भिंतीला लागून लोखंडी शेगडी, तिच्यावर एक पत्र्याचं नळकांडं उभं. नळकांड्याला लाकडी मूठ, तळाशी भोकंच भोकं.

"हे काय?" बंबकाकांनी लांबूनच विचारलं.

"कोळसे पेटवायचं नळकांडं. रॉकेल नाही, फुंकणं नाही, वारा घालणं नाही. खाली कागद पेटवायचा, बाकीचं ते आपलं आपण करतं."

"आपलं आपण करते तीच आग वाईट."

"बसा हो, व्याही," सासूबाई खुर्ची सरकवत म्हणाल्या. "पाहणीला आल्यासारखे उभे नका राहू."

"पाहणीलाच आलोय, विहीणबाई."

आणि खरंच त्यांनी पाहणी केली. वारा कुठून येतो, वर दोरीवर कपडे आहेत का, वाळू कुठे आहे. जावयानं पाण्याची भरलेली बादली दाखवली. ती बंबकाकांनी उचलून आपल्या पायाशी ठेवली. तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

लेकीनं वर्तमानपत्राचा सैल बोळा खाली सारला, वर कोळसे भरले, भोकातून काडी लावली. कागदाच्या कडा लाल झाल्या. मग नळकांड्याच्या तोंडातून धूर निघाला. पांढरा, दाट, लोटच्या लोट. लेक वळून म्हणाली, "घाबरू नका, बाबा, पहिल्यांदा असाच धूर येतो, थोडा वेळ थांबलं की तो आपोआप

*

फस्सस्स.

*

नळकांड्यातून काळं पाणी ओघळत होतं. सासूबाईंचा चष्मा काळ्या ठिपक्यांनी भरला होता. बंबकाका रिकामी बादली धरून उभे होते, आणि ती आपल्या हातात कशी आली हे त्यांनाच उमगत नव्हतं.

"नेम चांगला आहे," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या.

जावई हसू दाबायला आत पळाला. लेक हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे नको ना, बाबा?"

घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. बंबकाकांनी तोंड उघडलं, आणि आलं ते भलतंच.

"जिना असाच पेटतो."

"कुठला जिना?"

"कुठलाही. आग खाली लागते. जिना खालून वारा ओढतो आणि वर सोडतो. हुबेहूब हे असंच. धूर वर जातो, आणि माणसंही वरच असतात." त्यांनी बादली खाली ठेवली. "एकदा आम्ही दारात उभे होतो. पाण्याचा पाइप हातात होता. आत पाऊल टाकता येईना. वरून हाका येत होत्या, मग यायच्या थांबल्या. मी घरी आलो तेव्हा तू झोपली होतीस. तुझ्या उशाला मेणबत्ती होती, वीज गेली म्हणून आईनं लावलेली."

टॉर्च तेव्हापासूनचा. हे लेकीला आज कळत होतं. इतकी वर्षं तिला वाटायचं, बाबा नुसते कटकटे आहेत.

तिनं नळकांडं उपडं केलं, ओल्या कोळशांचा गाळ झटकला, फडक्यानं आतून कोरडं केलं आणि बाबांसमोर धरलं.

"आत बघा, बाबा."

त्यांनी वाकून पाहिलं. तळाच्या भोकांतून आरपार अंगण दिसत होतं.

"इथे वर कुणी नाही. नुसते कोळसे असतात. आणि हा जिना मला मुठीनं उचलता येतो."

*

तर पुन्हा. आधी खाली कागद. मग वर कोळसे, पोत्यातले, कोरडे. मग

"काडी तुम्ही लावायची," लेक म्हणाली.

"मी?"

"तुम्हीच."

बंबकाकांनी काडी ओढली. पेटली. आणि त्यांनी फुंकर मारून विझवली.

"अहो बाबा!"

"सवय आहे गं."

दुसरी ओढली. तिचंही तेच. सासूबाई म्हणाल्या, "काडेपेटी संपेपर्यंत आम्ही उपाशीच बसायचं का?" बंबकाका इतके ओशाळले की कानापर्यंत लाल झाले. मग लेक मागून जवळ आली. शाळेत जाण्याआधी ते तिचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचे, तसं तिनं त्यांचं मनगट धरलं.

"आता फुंकायचं नाही हं."

"नाही फुंकत."

काडी भोकाशी गेली. धूर आला, पहिल्यापेक्षाही दाट. बंबकाकांचे खांदे ताठरले, एक पाय मागे गेला. मनगटावरची पकड सुटली नाही. मग धूर विरळ झाला, विरला, आणि आत कुठेतरी बारीक तडतड सुरू झाली. वरच्या कोळशांच्या कडांवर राख चढू लागली. बंबकाका वाकून बघत होते. पाहणीची नजर केव्हाच गेली होती. पहिल्यांदाच एक आग त्यांच्या देखत, कुणालाही न ओरबाडता, जागच्या जागी मोठी होत होती.

"ओतू?" हातमोजा चढवत लेकीनं विचारलं.

"थांब. वरचा तो अजून काळा आहे." मग थोड्या वेळानं, "ओत आता."

निखारे शेगडीत खळखळत पसरले. वर जाळी आली, कणसं आली, कांदे आले, मसाला लावलेली कोंबडी आली. बंबकाका खुर्ची ओढून बसले, धग लागेल इतक्या जवळ. जावयानं कणीस हातात दिलं. ते चावत त्यांनी मान वळवून खानावळीकडे पाहिलं. लेक उलथणं हातात धरून उभी होती. विचारायचा धीर तिला होत नव्हता.

"पुढचं दार आत उघडतंय," बंबकाका म्हणाले.

"काय?"

"गर्दीत दार आत उघडत नाही, माणसं त्यालाच चेंगरतात. बाहेर उघडणारं बसवून घे. मग लाव पाटी."

"म्हणजे बाबा..."

"दाराचं सांगतोय ना! आणि हे कणीस कच्चं आहे. गिऱ्हाइकाला असं देणार आहेस?"